आप्पांचं अनुपान

आप्पांना कुणी वय विचारलं की ते आधी त्या माणसाला जीभ दाखवायला सांगत. माणूस गोंधळून जीभ बाहेर काढी. आप्पा चष्मा नाकावर सरकवून ती नीट बघत आणि म्हणत, "पोट साफ न्हाई तुमचं. आधी त्याचं बगा, माझ्या वयाचं मग बगू." एवढ्यावर विषय संपे. मी त्यांच्या घरात सात वर्षं भाड्यानं राहिले, पण त्यांचं खरं वय मला सहाव्या वर्षी कळलं, आणि तेही एसटीत.

मी शाळेत शिक्षिका. बदली होऊन बोरीला आले तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं, नवरा पुण्यात नोकरीला होता आणि परभणीहून रोज ये-जा करण्याइतका माझा जीव दणकट नव्हता. आप्पांचं घर रस्त्याला लागूनच होतं. पुढे त्यांचं किराणा दुकान, मागे आप्पा आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, आणि वर माझी खोली. खोली दाखवताना आप्पांनी भाड्याच्याही आधी तीन अटी सांगितल्या. दिवेलागणीला जेवायचं, डाव्या कुशीवर झोपायचं आणि 'आता वय झालं' हे शब्द ह्या घरात काढायचे नाहीत.

"झोपेत कूस बदलली तर हो?" मी विचारलं. त्या काळी मी स्वतःला फार हजरजबाबी समजत असे.

"बदलू द्या की. झोपताना मनात ठिवायचं. अंगाला कळतंय समदं."

तिसरी अट मोडणाऱ्याला शिक्षा होती. दुकानाच्या मागच्या भिंतीला काष्ठौषधींच्या बरण्यांची रांग होती. साखर-साबणाचं दुकान पोटासाठी आणि ती रांग जिवासाठी, असं आप्पांचं चाले. एखादा शेतकरी "गुडघे धरलेत आप्पा, वय झालं आता" असं सहज बोलून गेला की आप्पा त्याला तोंड उघडायला लावत आणि जिभेवर चिमूटभर काडेचिराईत ठेवत. त्याहून कडू चीज मी आजवर चाखलेली नाही. हो, मलाही बसली एकदा. शाळेत पोरांमागे पळून दम लागला होता, जिना चढताना तोंडातून शब्द निघून गेले, आणि बघते तर आप्पा बरणी घेऊन जिन्याखाली उभे. मी तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. पण शिक्षेत वशिला चालत नसे.

त्यांचा स्वतःचा दिवस पहाटे चारला सुरू होई. नाकात तुपाचे दोन थेंब, तळपायांना तिळाचं तेल, मग अंघोळ, मग लिंगपूजा. दोघंही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. पूजा झाली की मात्र आप्पांचा खुराक सुरू व्हायचा, आणि तो अकरा प्रकारांचा असे. आवळ्याचा मुरंबा, मूठभर काळे तीळ, अश्वगंधेचं दूध, गोडंबीचा लाडू, लसणीच्या तीन पाकळ्या आणि पुढचं बरंच काही. हे सगळं पोटात गेलं की आप्पा फिरायला निघत. उलटे. म्हणजे तोंड दुकानाकडे आणि चाल स्टँडकडे. पुढं चाललं की वय वाढतं, मागं चाललं की थोपतं, असं त्यांचं गणित होतं. एकदा ते पाठमोरे जाऊन भाजीवाल्या मावशीच्या पाटीतच बसले. "डोळे काय पाठीला फुटलेत का रे बाबा तुला?" म्हणून मावशीनं अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा उद्धार केला. आप्पांनी चेंगरलेले सगळे टमाटे विकत घेतले आणि उरलेली वाट उलटीच चालून पुरी केली.

केस काळेभोर. विचारलं तर म्हणत, माक्याचं तेल. अक्का मागून हळूच सांगत, "माका तर हायच. माक्यात आजून काय काय हाय, ते मला ठाऊक."

'हार्मोन' हा शब्द त्यांना मोबाईलमुळे सापडला. कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला आणि आप्पांना इतक्या वर्षांनी आपल्या शत्रूच्या किल्ल्याचा नकाशाच हाती लागल्यासारखं झालं. त्यांच्या तोंडी तो 'हारमोन' असे. गिऱ्हाइकांना ते समजावून सांगत, "हारमोन म्हंजे घरची लेक-सून. गुपचूप समदं करती. ती थांबली की मग कळतंय, घर कोण चालवायलं हुतं." हे ऐकवताना मागे अक्का एकट्याच गव्हाचं पोतं ओढत असायच्या. मला ते तेव्हाही खटकायचं. मी हसून सोडून देत असे, आणि ते सोडून दिल्याचं आता वाईट वाटतं.

एकदा एका कंपनीचा माणूस गाडीतून उतरून दुकानात आला. टाय लावलेला. नैसर्गिक हार्मोनच्या कॅप्सूल, तीन महिन्यांत माणूस वीस वर्षांनी तरुण. आप्पांनी त्याला बसायला स्टूल दिलं, डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"तुमचं वय काय म्हणलाव?"

"चाळीस."

"आन् तुमी सोता खायलाव का ह्या?"

"अर्थात! दोन वर्षं झाली."

आप्पांनी त्याचं सुटलेलं पोट बघितलं, विरळ झालेला भांग बघितला. "दोन वर्षांत वीस-वीस वर्षं मागं सरकत गेलाव तर तुमी आतापतूर पाळण्यात पायजे हुताव, साहेब." दुकानातली माणसं इतकी हसली की तो बिचारा डबी तिथेच विसरून गेला. आप्पांनी ती डबी पुढे दोन दिवस चाटून-हुंगून तपासली. त्यांना थट्टा करायची होती, पण कोण जाणे, खरं निघालं तर हातचं जाऊ नये, अशीही धाकधूक होती. आप्पा असे दोन्ही बाजूंनी होते.

हे सगळं मला आठवायला लागलं ते माझ्याच निमित्तानं. मी आता चव्वेचाळीसची आहे. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, दोन मिनिटांनी थंडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार त्रास झाला तर हार्मोनच्या गोळीचा विचार करू. माझी बहीण म्हणते गोळ्या नकोत, शतावरी घे. तिचे दिवसाला सहा मेसेज येतात. ह्या दोघींच्या मध्ये उभी राहिले की मला बोरीचं ते दुकान आठवतं, आणि हसू येता येता अक्का आठवतात.

अक्का तेव्हा माझ्या आजच्या वयाहून दहा-अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. पाळी जाऊन वर्ष झालेलं. पायांना सूज, सांधे धरलेले, केस मुठीनं गळत होते. आप्पा म्हणत, "ह्या वयात बायकांचं हुतंय असं," आणि त्यांना दुधातून शतावरी देत. शब्द त्यांनीच काढलेला, तरी शिक्षा नाही, हे मी टिपून ठेवलं होतं. पण मला एक गोष्ट कोड्यात टाकी. त्या वयाच्या बायका पदरानं वारा घेत फिरतात, आणि अक्का भर वैशाखात, परभणीच्या उन्हात, स्वेटर घालून बसायच्या. आवाज घोगरा झाला होता. शेंगा फोडता फोडता भिंतीला टेकून झोपी जायच्या. भाजीत मीठ दोनदा, नाहीतर नाहीच.

माझ्या आईला थायरॉईड होता. हीच थंडी, हाच घोगरा आवाज मी घरी पाहिला होता. मी आप्पांना म्हटलं, एकदा रक्त तपासून घ्या. त्यांना ते लागलं. "बाई, चाळीस वर्षं झाली मी लोकांच्या तब्येती बगायलोय. माझ्या घरातली मला कळंना व्हय?" ते आठ दिवस माझ्याशी तुटक बोलले. मग एका सकाळी अक्का न्हाणीत बसल्या त्या त्यांना उठताच येईना. मी आणि आप्पांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून बाहेर आणलं. अक्का ओशाळून हसत होत्या, "काय झालंय बगा, पायच ऐकंनात." त्या दिवशी आप्पांनी दुकान उघडलं नाही. आम्ही तिघं परभणीला गेलो.

तपासणीत निघालं तेच. डॉक्टर तरुण होते, शांत होते. म्हणाले, गळ्यातली ग्रंथी हार्मोन तयार करत नाही, तो बाहेरून द्यावा लागेल, जन्मभर. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, पुढे तासभर काही नाही.

"जन्मभर?" आप्पा म्हणाले. "म्हंजे शरीराला आळशी करायचं?"

"आळशी नाही हो, शरीर दमलंय," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी गोळीची पट्टी उजेडात धरून पाहिली. एवढीशी गोळी, मोहरीपेक्षा थोडी मोठी. अकरा प्रकारांच्या माणसाला तिचं वजनच वाटेना.

पण घेतली त्यांनी. रोज देत होते, मी विचारलं की सांगत होते. आणि अक्का होत्या तशाच. दीड महिन्यानं गोळी वाढवली, पुढच्या दीड महिन्यानं परत वाढवली. पाच महिने झाले. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, माझं नाव आठवायला त्यांना क्षणभर थांबावं लागे. एक दिवस त्या माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून रडल्या. "बाई, मी काय आता नीट हुत न्हाई. ह्यांचं कोण करंल?" मी दोन पायऱ्या वर उभी होते, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी खात्रीच झाली की हा माणूस गोळ्या उकिरड्यावर फेकतोय.

मी तशीच दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी आवाज चढवून विचारलं, "आप्पा, गोळ्या कुठे टाकता तुम्ही? बायको मेली तरी चालेल, पण तुमचा हेका राहिला पाहिजे, होय ना?"

हे वाक्य मी बोलले. आजही आठवलं की कानांच्या पाळ्या गरम होतात, आणि तो वयाचा त्रास नव्हे.

आप्पा तागडी खाली ठेवून आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यात गोळ्यांच्या सगळ्या रिकाम्या पट्ट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. "एक बी चुकली न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या पहाटं या खाली. बगा सोताच्या डोळ्यानं, कशी देतो ते."

पहाटे मी गेले. अक्कांची पूजा नुकतीच झाली होती, कपाळावर भस्माचे पट्टे ओले होते. आप्पांनी लहानसा खल घेतला, धुऊन पुसून कोरडा केला. गोळी त्यात टाकून अगदी हळू, चिमटीत पीठ यावं इतकी बारीक केली. मग बरणीतून प्रवाळभस्म काढलं, पोवळ्याचं पांढरं भस्म, त्यांच्या रांगेतलं सगळ्यात महागडं. ते दोन चिमटी. त्यावर मध. सगळं एकजीव करून चांदीच्या चमच्यानं अक्कांना चाटवलं आणि वर साईसकट गरम दुधाचा पेला धरला. एक कण खलात राहू नये म्हणून शेवटी खल दुधानं विसळून तेही पाजलं. लहान मुलाला भरवावं तसं चाललं होतं सगळं.

"आप्पा," मी म्हटलं, "डॉक्टरांनी नुसतं पाणी सांगितलं होतं ना?"

"नुसतं पाणी?" आप्पांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, औषध कशातून द्यायचं, त्येला अनुपान म्हणत्यात. अनुपानाबिगर औषध म्हंजे नवरदेवाबिगर वरात. डागदर लोकांना फुरसत नसती हे सांगायची. तसली तेज गोळी रिकाम्या पोटात गेली तर उष्ण पडंल हिला. म्हून थंड अनुपान निवडलं, प्रवाळाचं. आपल्याकडचं जे उत्तम हाय, ते."

त्याच दिवशी मी अर्धी रजा टाकून आप्पांना परभणीला नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आप्पा, प्रवाळ म्हणजे कॅल्शियमच. दूधही तेच. ही गोळी कॅल्शियमला चिकटते आणि पोटातूनच निघून जाते, रक्तात पोचतच नाही. तुम्ही इतकं चांगलं काही दिलं नसतं तर त्या बऱ्या झाल्या असत्या. ह्या गोळीचं अनुपान पाणी आहे."

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. झरी गाव मागे पडलं. मग म्हणाले, "पाच महिने मीच आडवा आलो."

"तुम्हाला माहीत नव्हतं आप्पा. आणि मी काल जे बोलले..."

"ते ऱ्हाऊ द्या." त्यांनी हातानंच माझं बोलणं बाजूला सारलं. "बाई, मी चौऱ्याहत्तरचा हाय. ही पंचावनची. माझी पहिली बाळातपणात गेली, मग हिला करून आणली. एकोणीसची पोर हुती. तिच्या बापानं मला एकच इचारलं, तुमी एवढे मोठे, मागं पोरीचं कसं? मी शबुद दिला, हिच्या आधी जाणार न्हाई म्हून. पुढं मूलबाळ झालं न्हाई. म्हंजे मी गेलो की ही एकटी." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तवापासून हे समदं चालू हाय. तीळ, तूप, उलटं चालनं. लोक हसत्यात, मला ठाऊक हाय की. मला काय जवान दिसायची हौस न्हाई. मला हिला पुरायचं हाय."

मी सहा वर्षं त्या माणसाला हसत आले होते. मी शेजारच्या बाईच्या पिशवीकडे बघत बसले.

घरी आल्यावर अक्कांचं एक निघालंच. पूजेआधी त्या गोळी घेईनात. आणि पूजा झाली की लगेच प्रसादाचं दूध, हा घराचा जुना शिरस्ता. आप्पांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी त्यांनी अक्कांची पूजा स्वतःच्या पूजेच्याही आधी, चार वाजता आणली. पूजेनंतर इष्टलिंगावरचं पाणी तीर्थ म्हणून घेतात, त्याला पादोदक म्हणतात. आप्पा म्हणाले, "ते पाणीच हाय न? त्येच्यासंगं घे. नेम बी ऱ्हाईल आन् डागदरचं बी." आणि पुढचा तासभर अक्कांना कुणी काही देऊ नये म्हणून ते स्वतः त्यांच्याजवळ बसू लागले. एरवी समोरच्याला काहीतरी चाटवल्याशिवाय दहा मिनिटं न राहवणारा हा माणूस हाताची घडी घालून बसे. स्वतःही काही घेत नसे. "तिच्यासमोर मी लाडू खाऊ व्हय?" म्हणत. दोघं बोलत बसायची. इतक्या वर्षांत त्यांना मी असं निवांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तीन महिन्यांनी एका सकाळी खालून कुणीतरी बाई कांदेवाल्याशी कडाकडा भांडत असल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. अक्का होत्या. घोगरेपणा गेला होता, शब्द कसे खणखणीत पडत होते. आणि आप्पा दुकानात बरणीचं झाकण हातात धरून, डोळे मिटून, ते भांडण ऐकत होते.

त्या तासभराच्या बैठकीनं आप्पांच्या वेळापत्रकाचा मात्र बट्ट्याबोळ केला. उलटं चालणं आधी राहिलं. अकरा प्रकारांचे सात झाले, सातांचे तीन. माझी बदली झाली तेव्हा त्यांच्या कानशिलावर पहिल्यांदाच पांढरे केस दिसले होते. आपण ते पाहिल्याचं मी त्यांना कळू दिलं नाही.

गेल्या महिन्यात मुद्दाम बोरीला जाऊन आले. निमित्त माझंच होतं. म्हटलं, गोळी की शतावरी, ह्याचा निकाल आप्पांकडूनच घ्यावा. आप्पा अंगणात खाटेवर बसले होते. ऐंशी उलटून गेलेली. डोकं पांढरं शुभ्र, दात गेलेले, हातात काठी. मला ओळखायला जरा वेळ लागला, मग जे हसले ते जुनेच आप्पा. माझी कहाणी त्यांनी कानाला हात लावून नीट ऐकली.

"माझं ऐकू नका," ते म्हणाले. "डागदरीणबाईचं ऐका. फकस्त अनुपान कशाचं, ते तेवढं इचारून घ्या."

"आणि तुमचं कसं आहे आप्पा?"

"माझं काय, म्हातारा झालो." हे ते इतकं सहज, इतकं आनंदानं म्हणाले की मी चमकून पाहिलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला. "हिच्या बापाला दिलेला शबुद मोडणार, बाई. मीच आधी जाणार. पन आता भ्या वाटत न्हाई. दुकान ही बघायली, हिशेब हिचा, बाजार हिचा. परवा बँकंत जाऊन भांडून आली."

ऊन खाटेपर्यंत आलं होतं. आतून अक्का पदर खोचत आल्या. "चला, सावलीला," असं म्हणून त्यांनी एका हातानं आप्पांना दंडाला धरून उभं केलं, आणि त्यांना तसंच तोलून धरून दुसऱ्या हातानं ती जड खाट भिंतीपर्यंत ओढत नेली. मी मदतीला उठेपर्यंत झालंसुद्धा.

आप्पा काठीवर टेकून माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर शर्यत जिंकलेल्या पोराचं हसू.

"बगितलं का जोर?" ते म्हणाले.